यंत्राच्या गळ्यातला हार

बंगल्यामागच्या हिरवळीवर कासवासारखं एक यंत्र फिरतं आणि आपोआप गवत कापतं. परदेशातला आमचा मुलगा आला होता, तेव्हा त्याची सगळी सुट्टी त्या यंत्रासाठी कडेने तार पुरण्यातच गेली. यंत्र कुठे अडलं की खबर थेट त्याच्या मोबाईलवर जाते. आम्ही दोघं अडलो तर तशी सोय नाही.

दसऱ्याला हिने विळी-कोयत्याबरोबर त्याचीही पूजा केली, वर झेंडूचा हार घातला. जरा पुढे जाताच दोरा चाकात गुंतला आणि यंत्र थांबलं. लगेच मुलाचा फोन आला. एरवी महिना महिना आवाज नसतो.

"आई, चाकात काय गेलंय?"

"हार रे. दसरा ना आज! तू जेवलास का?"

"आधी चाक मोकळं कर."

हिने दोरा कापला. यंत्र चालू लागलं आणि फोन बंद झाला.

आता मी खिडकीतून बघतोय. आज सण कुठलाच नाही, तरी ही मागच्या पायरीवर बसून झेंडू ओवते आहे. दोरा मात्र या खेपेला चांगला जाड घेतलाय.