बाला मोजता येत नाय

हे अजून कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या बाला पाहिलेलं नाही.

आम्ही मेंढरंवाले. चितेगावजवळ आमची वस्ती. बा चालता चालता तंबाखू मळायचा, शेजारच्याशी गप्पा मारायचा, अन् त्यातच पुढून जाणारा कळप मोजून मोकळा व्हायचा — विसाविसानं, बोटांवर. कुणाच्या कळपात मेंढरू कमी-जास्त वाटलं की वस्तीवरचे त्यालाच बोलवायचे. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यानं, पण या एका गोष्टीचा त्याला लई अभिमान.

मागं एका दुष्काळात आमच्याकडं तेवीस मेंढरं उरली होती. मी नुकताच कंपनीत पर्मनंट झालेलो, बायको बाळंतीण. चराईला बा एकटाच जायचा. अन् — हे मला दिसत होतं बरं का — वाटेत काही विचारलं की तो आता थांबून उत्तर द्यायचा. पाय चालू असले की तोंड बंद. मला काय कळत नव्हतं? कळत होतं.

मग शाळेत म्हाताऱ्या माणसांच्या तपासणीचं शिबिर आलं. वर्गात आम्ही तिघंच — बा, मी अन् डॉक्टरीणबाई. बाईंनी आधी नुसतं चालायला लावलं. बा ताठ चालला. मग म्हणाल्या, आता शंभरातून तीन-तीन कमी करत चाला. मला हळूच सांगितलं, डोकं चालवताना पाय अडखळले तर विसरण्याचा आजार सुरू झालाय का ते बघावं लागतं. तसं असलं तर यांना एकटं रानात सोडायचं नाही.

एकटं सोडायचं नाही — मग सोबत कोण जाणार? मीच की. नोकरी सोडून.

बा दोन पावलं गेला अन् थांबला. ओठ हलत होते, पाय हलेनात. बाईंनी मला विचारलं, "यांना मोजता येतं ना?"

"नाय बाई," मी म्हणलो. "अडाणी हाय. बाला मोजता येत नाय."

बानं माझ्याकडं पाहिलं. त्यापेक्षा मेंढरांची नावं घ्यायला लावा — हेही मीच सुचवलं. ती त्याला झोपेतही पाठ. काळमुखी, लांडी, मोरी म्हणत तो झपझप चालून आला. बाईंनी कागदावर 'ठीक' असं लिहिलं.

पंधरा दिवसांनी मेंढरं सांजच्याला आपली आपण घरी आली. मी मोजली. तेवीसच्या तेवीस होती. बा नव्हता. चराईचं जुनं रान प्लॉटिंगमध्ये गेलेलं, जिथं तिथं चुन्याच्या रेघा अन् नव्या भिंती — कुठं वळला कोण जाणे. दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. पार चिकलठाण्याला, विमानतळाच्या भिंतीला टेकून बसलेला. तळपाय सोललेले, उन्हानं ओठ फाटलेले. मला ओळखलं नाही.

पुढं दोन वर्षं जगला. माझं नाव गेलं, मायचं गेलं, मेंढरांचीही गेली. एक वाक्य तेवढं राहिलं. कुणी भेटायला आलं की हात जोडून म्हणायचा, "मला मोजता येत नाय." वस्तीवरचे म्हणायचे, आजारानं बरळतोय. मी शेजारीच बसलेलो असायचो. मीही मान हलवायचो.