थैला दाबणारा किरिस्ताव

"सारं फुकटच भेटलं हाय, बापू," असं म्हणून तो थैल्यात उतरायचा. आधी पागोटं काढायचं, डोळे मिटून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायचं, आणि मग टांगलेल्या तरटाच्या थैल्यात उडी. दिवसभर आत उभं राहून पायांनी कापूस दाबायचा, हे त्याचं काम. फुकट म्हणे! पोटऱ्या सुजलेल्या, नाकातोंडात रुई, आणि हा म्हणणार देवानं फुकट दिलं. मला भारी राग यायचा त्याचा.

पण राग कुणाकुणाचा धरावा? ते दिवस तुम्हीही पाहिले असतील. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला आणि इकडे अकोल्याच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अमरावतीकडून गाड्यांवर गाड्या येत, बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या. माणसं कमी पडू लागली म्हणून आमच्या कापसाच्या वखारीच्या सेठनं त्याला कामावर घेतलं, पण आवारातल्या विहिरीवर काही चढू दिलं नाही. पाद्र्याकडून बाप्तिस्मा घेण्याआधीही जातीमुळे त्याला तिथे मनाई होती, घेतल्यावर तर जास्तच. आम्ही कुणब्यांची पोरं, त्याच्या अर्ध्या वयाची, त्याला 'अरे' म्हणायचो. तहान लागली की तो भर दुपारी मोर्णा नदीवर जाई.

आणि तो गेला की त्याच विहिरीचं पाणी आम्ही कापसावर मारायचो. वजन वाढावं म्हणून. कापसाला घडेच्या घडे, माणसाला ओंजळभर नाही! मारणारा मीच होतो, दुसरा कोणी नाही.

परत आल्यावर त्याच्या पायाला ओल कळायची. तो कापूस उपसून उन्हात पसरायचा, वाळला की पुन्हा भरायचा. सेठ शिव्या द्यायचा. एकदा मीही डाफरलो, की कुठल्या परक्या व्यापाऱ्यासाठी तू कशाला मरतोस? तो म्हणाला, त्या माणसानं माझं काय वाईट केलंय.

एका दुपारी सेठला घाई होती. किरिस्ताव नदीवरून यायच्या आत मी पाणी मारलं, दुसऱ्यानं दाबलं आणि थैले शिवूनही झाले.

पंधरवड्यानं कापूस तपासणारा साहेब आला. थैला फाडला, तर आत काळी बुरशी आणि कुजका वास. सेठनं सरळ त्याच्याकडे बोट केलं: थैले हा किरिस्ताव भरतो. साहेबानं विचारलं, पाणी कोणी मारलं? मी दुसऱ्यांच्या आड सरकलो. घरी बायको बाळंतीण. काम गेलं असतं तर खायचे वांधे होते.

किरिस्तावानं एकदा माझ्याकडे पाहिलं.

"पानी मारलं हाय, हे खरं हाय," तो म्हणाला. "म्या नाई मारलं. ज्यानं मारलं तो सांगन कधीतरी."

साहेबानं त्याला बाजारात पाऊल टाकायला बंदी केली. आम्ही इतकी माणसं उभी होतो, सगळ्यांना खरं ठाऊक होतं, आणि एकाचंही तोंड उघडलं नाही. थू आमच्या जिंदगानीवर!

आठ दिवसांनी मी त्याच्या झोपडीवर गेलो. पाया पडायला नव्हे, भांडायला. माझं नाव काहून घेतलं नाही, म्हणून त्याच्यावरच ओरडलो.

"तुह्या घरी बाळंतीन हाय," तो म्हणाला. "अन् मलेच आधी देवाची माफी भेटली हाय, बापू. मी कोन अडवून ठेवनारा?"

वर माझ्या तान्ह्या पोरीचं नाव काय ठेवलं ते विचारलं. मला माफी नको होती हो. चार शिव्या हव्या होत्या, म्हणजे फिटंफाट झाली असती.

दुसऱ्या सकाळी साहेबाच्या तंबूवर जाऊन मी नाव सांगितलं. माझं, आणि सेठचंही. माझं काम गेलं. साहेबानं त्याची बंदी उठवली, तशी मी धावत झोपडी गाठली. चूल थंड होती. शेजारीण म्हणाली, पहाटेच निघाला, अमरावतीकडे की परतवाड्याकडे, तिला धड ठाऊक नव्हतं. मी दोन्हीकडे शोधलं, सापडला नाही.

अकोल्याच्या बाजारात आपल्याला मनाई आहे, असं समजूनच तो कुठंतरी जगला असेल.