टॉवरचं टोक

मांडव्याहून लाँच सुटली, तेव्हा शेजारचा म्हातारा एक डोळा मिटून, अंगठा पुढे धरून मुंबईच्या एका उंच टॉवरचं माप घेत होता. मधेच चष्मा सदऱ्याला पुसायचा, पुन्हा अंगठा धरायचा.

"काय मापता?" मी विचारलं.

"तो टॉवर माझ्या हातचा, मावशी. खाली बुजवलेला समुद्र, म्हणून पाया खडकापर्यंत नेला. सगळी ऑफिसं, फक्त निमुळता माथा रिकामा. भाडं न देणारी जागा कशाला, असं मालक तेव्हाही म्हणाला. मी भांडून ठेवली. आता नवे मालक माथा कापून मजले चढवणार. आज मीटिंग आहे."

"मग काय सांगणार?"

"शोभा जाईल म्हणून सांगेन."

"शोभेला कोण विचारतो? माझा मुलगा ते टोक समोर आणि खांदेरीचं बेट पाठीमागे धरून होडी नेतो. त्या रेषेत खाली खडक न्हाय, जाळं फाटत न्हाय. रुंद भिंतीवर रेषा कशी धरणार तो?"

तो हसला नाही. चष्मा नीट लावून म्हणाला, "हे मी तिथं सांगू?"

"सांगा की. मी काय खोटं बोलते?"

गेटवेला तो घाईने उतरला. नाव मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही.

मला तो टॉवर तेव्हा आवडला नव्हता, आजही आवडत नाही. पण इतक्या वर्षांनीही टोक जागेवर आहे आणि मुलगा त्याच रेषेत जाळं टाकतो. म्हणजे माणूस नीट भांडला.