काटा चाळीसच्या आत

आमच्या जुन्या जीपला गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा आहे. तो ओढला की इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही मिळते. हे काम करणाऱ्या पेटीला ट्रान्सफर केस म्हणतात, आणि आमच्या पेटीचे दाते पार झिजले होते. न्हावऱ्याच्या काळ्या रानात गाडी रुतली की मी दांडा ओढायचो, गाडी हातभर सरकायची आणि दांडा खट्‌कन बाहेर यायचा. मग शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलवावा लागे. ट्रॅक्टरचं काही नाही, पण शेजारी हसायचा ते मला झोंबायचं.

शेवटी मी भंगारातल्या एका दुसऱ्या मॉडेलच्या जीपची पेटी उचलून आणली. ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माझा मित्र आला. पेटी चांगलीच जड असते, म्हणून आम्ही गाडीखाली कडब्याच्या कुट्टीचं पोतं सरकवलं आणि जुनी पेटी त्याच्यावर निजवली. ऑइल माझ्या कोपरापासून बगलेपर्यंत गेलं. नवीन पेटीचे बोल्ट जुळले, शाफ्ट जुळले, याच पेटीत बसणारी स्पीडोमीटरची केबलही बसली. एक चक्कर मारली, काटा हलला तसे आम्ही खूश झालो.

"काकू, आता ही गाडी भिंतीवर चढंल," मित्र आईला म्हणाला.

"चढू दे की. पर चाळीसनं."

वडील गाडी चालवायचे तेव्हापासून आईचा हा कायदा आहे. ती पुढच्या सीटवर बसते आणि रस्त्याकडं नाही, काट्याकडं बघते. काटा चाळीसला टेकला की एवढंच म्हणते, "चाळीस." वडिलांनी कधी वाद घातला नाही. मी घातला आणि हरलो. त्यामुळं शिरूरला जाताना झाडून सगळ्या एसट्या आम्हाला मागं टाकतात, आणि एक कंडक्टर तर मुद्दाम हात करतो.

पेटी बसवल्यावर दोनच दिवसांनी मावशीचा फोन आला. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. ती पुण्यातलं घर आवरून हैदराबादला लेकीकडं कायमची निघाली होती, आणि हे तिनं आईला सांगितलं ते थेट पुण्याच्या फलाटावरून. आधी सांगितलं असतं तर आई रडत बसली असती म्हणे. "दौंडला गाडी थांबती थोडी. मी दारात हुबी ऱ्हाते," मावशी म्हणाली.

आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी डब्यात भरली आणि पायात चप्पल सरकवत गाडीत येऊन बसली.

"आई, चाळीसनं गेलो तर गाठ पडायची नाही."

आम्ही कुठंही निघताना ती प्रार्थना करते, तशी डोळे मिटून केली. "प्रभू, काटा चाळीसच्या आत ठेव. आमेन."

मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला आणि निघालो. काटा छत्तीसवर होता, पण एक मोटारसायकलवाला भराभर मागं पडला. भीमेच्या पुलावर वाऱ्यानं आईचा पदर उडायला लागला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पेटी दुसऱ्या मॉडेलची, काट्याची केबल फिरवणाऱ्या तिच्या दात्यांचा हिशेब वेगळा. काटा चाळीस म्हणत होता तेव्हा गाडी साठनं पळत होती.

मी गप्प बसलो. इतक्या आनंदानं मी जन्मात कधी गप्प बसलो नव्हतो. वरवंडजवळ आम्ही चक्क एका एसटीला मागं टाकलं. आईनं डबा पोटाशी धरला आणि काट्यावरची नजर काही काढली नाही. काटा एकोणचाळीस.

दौंडला आम्ही फलाटावर पळालो तेव्हा गाडी येऊन उभी होती. मावशी दारात होती. आईनं डबा तिच्याकडं दिला. दोघींनी एकमेकींचे हात धरले आणि महत्त्वाचं असं काही बोलल्याच नाहीत.

"भाकरी वातड झाली आसंल."

"आसू दे. गुडघा कसा हाय?"

"हाय तसाच."

गाडी हलली. आई हात धरून चार पावलं चालली, मग हात सुटला. शेवटचा डबा जाईपर्यंत ती तिथंच उभी होती.

जीपमध्ये बसल्यावर मला राहवेना. "आई, त्या काट्याचं जरा सांगायचं होतं."

"मला वरवंडलाच कळलं. जन्मात कवा आपून एसटी मागं टाकलीय का?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मी काटा आत ठेव म्हणलं व्हतं. त्यानं ठिवला." तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा काट्याकडं नजर लावली. "आता घरला जाताना पंचवीस. आता कुणाला गाठायचं न्हाई."