हात माझे, तोंड भाच्याचं

“तू बाजूला हो. पूजा झाल्याली मशीन हाय.”

मालक असं म्हणाले तेव्हा माझा हात लेथच्या हँडलवर होता. रोज मीच जिच्यावर बोल्टांचे आटे पाडायचो, त्याच लेथच्या. आज तिच्यावर झेंडूचा हार होता. मी हात काढला. सवयच होती.

कुपवाडच्या त्या शेडमध्ये दर खंडेनवमीला पूजा होईपर्यंत मी दाराबाहेर थांबायचो. आम्ही बौद्ध. पूजा आम्ही करत नाही, त्यामुळे त्याचं काही वाटायचं नाही. पण पेढा इतरांच्या हातावर ठेवायचे आणि माझ्या ओंजळीत वरून टाकायचे. ते खुपायचं. तरी खायचो.

त्या वर्षी मी पोस्टाने शिकवणाऱ्या एका डिप्लोमाला बसलो होतो. कारखान्यातलं कामच तिथे प्रात्यक्षिक म्हणून धरणार होते. अट एकच, उमेदवार स्वतः काम करतोय अशी व्हिडिओ कॅसेट द्यायची. गावी कोरेगावला जाऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, “कामाचंबी मार्क मिळत्यात व्हय रं? मग तुजं कोण अडवतंय!”

कॅमेरा कुठून आणणार? मालक म्हणाले होते, “खंडेनवमीला शूटिंगवाला येतोयच. तवा उरकू तुजं.” मी विश्वास ठेवला. पूजा झालेलं मशीन त्या दिवशी चालवत नाहीत, हे ठाऊक असून ठेवला. गरजवंताला अक्कल नसते.

पण मशीन चाललं. मालकांच्या भाच्यासाठी चाललं. तोही त्याच डिप्लोमाला बसला होता. हार उतरवला, लोखंडाचा जॉब मशीनला बांधला, कॅमेरा सुरू झाला. भाच्याने कापायचं टूल मोडलं. दुसरं दिलं, तेही मोडलं. मग मला मालकांची हाक आली.

“हात तुजं दिसू देत. तोंड त्याचं घिऊ. तुजं बघू की फुडल्या साली.”

मघाचा विटाळ कुठे गेला? माझे हात चालत होते. मी चालत नव्हतो.

लय थकल्यासारखं झालं. कामाने माणूस असा थकत नाही. भांडायचंही त्राण नव्हतं. मशीन सुरू केलं, आटे पाडायला लागलो. शूटिंगवाला वाकून नुसते हात घेत होता. त्या हातांकडे मी बघितलं आणि आईचं बोलणं आठवलं. पोटातून संताप आला.

मशीन बंद केलं. खाली वाकलो. कॅमेऱ्यासमोर तोंड नेलं आणि माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. गावाचं सांगितलं.

“हे काम मी केलंय.”

“बंद कर रं त्ये!” मालक ओरडले.

कॅसेट त्यांनी ठेवून घेतली. पुढं कामावर गेलो तर दारातूनच परत पाठवलं. अभ्यासकेंद्रावरचे सर हळहळले, पण कॅसेटशिवाय मार्क द्यायला त्यांचाही इलाज नव्हता. माझं वर्ष बुडालं. भाचा पास झाला. कुणाच्या हातांनी, कोण जाणे.

नंतर कराड, उंब्रज, सातारा, किती शेड फिरलो. दमलो. पण कामाला उभा राहण्याआधी एक सांगतो. हात पाहिजे असतील तर तोंडासकट घ्या, नावासकट घ्या. आणि खंडेनवमीला पेढा वरून टाकाल, तर तो मातीत पडेल. मी ओंजळ धरणार नाही.