उमाजीने काढलेली वायर

हैदराबादला आबिड्सच्या मागच्या गल्लीत प्रतापरावांचं मोठं गॅरेज होतं, आणि गल्लीच्या तोंडासमोर, रस्त्याच्या पलीकडे, उमाजीचं पत्र्याचं दुकान. उमाजीला विद्यानगरला घराजवळच जागा मिळत होती. त्याने मुद्दाम ही घेतली. इथून प्रतापरावांकडे जाणारी आणि तिथून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी दिसायची.

उमाजीचे वडील देगलूरकडची शेती भावांवर सोडून हैदराबादला आले होते. उमाजी गाड्यांचं वायरिंग शिकला तो प्रतापरावांच्याच हाताखाली, आणि अकरा वर्षं तिथेच राहिला. १९९२ च्या उन्हाळ्यात एकनाथराव वकिलांची जुनी गाडी गॅरेजात आली. इंजिन तापलं की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा आणि आपोआप विझायचा. असा दिवा दोन कारणांनी लागतो. कधी वायर कुठेतरी घासलेली असते आणि दिवा खोटाच लागतो. कधी ऑइलचा दाब खरोखर कमी पडत असतो. उमाजी म्हणाला, मीटर लावून दाब मोजू, एक दिवस द्या.

"वकीलसाहेबांना गाडी आज पाहिजे," प्रतापराव म्हणाले. "जुन्या गाडीचे दिवे असेच. दिव्याची वायर काढून टाक."

"मालक, दाब खरंच कमी असला तर?"

"काढ म्हटलं ना."

उमाजीने वायर काढली.

चौथ्या दिवशी झहीराबादच्या अलीकडे ऑइल न पोचल्याने इंजिन जाम झालं. गाडी भर रस्त्यात थांबली आणि मागून ट्रक आदळला. एकनाथरावांना खरचटलं एवढंच. त्यांच्या पत्नीचा, इंदुताईंचा, उजवा कोपर मोडला. तो हात पुन्हा कधी सरळ झाला नाही. वकील गॅरेजात आले तेव्हा प्रतापरावांनी सगळ्या कामगारांसमोर उमाजीला पुढे केलं. "ह्यानं परस्पर वायर काढली. मला विचारलंसुद्धा नाही." उमाजी काही बोलणार, तेवढ्यात वकिलांनी त्याच्या थोबाडीत मारली. त्याच दुपारी त्याची नोकरी गेली.

धंद्यात त्याला 'वायरकाप्या' म्हणू लागले. कुठलंच गॅरेज त्याला उभं करीना. सहा वर्षं तो बेगम बाजारातल्या एका दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करत बसला. त्याची बायको त्रिवेणी म्हणायची, "अहो, सोडा आता. पोट भरतंय ना आपलं?"

"पोटाची गोष्टच नाही ती," तो म्हणायचा.

त्या काळात शहराच्या रस्त्यांवर नव्या नव्या गाड्या आल्या. इंजिनवर लक्ष ठेवायला आत कॉम्प्युटर आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा. उमाजीने रद्दीतून, ओळखीच्या ड्रायव्हरांकडून, मिळेल तिथून त्यांच्या वायरिंगचे नकाशे जमवले आणि पाठ केले. १९९८ मध्ये त्याने ते पत्र्याचं दुकान टाकलं. नव्या गाड्या काही वर्षांत जुन्या झाल्या आणि त्यांचे दिवे कधी लागू लागले, कधी विझू लागले. प्रतापरावांनी गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाड वाचणारा स्कॅनर आणला होता. स्कॅनरने ज्या सेन्सरचं नाव सांगितलं तो सेन्सर ते बदलायचे. आठवड्याने दिवा पुन्हा लागायचा, आणि वैतागलेलं गिऱ्हाईक समोरच्या दुकानात यायचं.

उमाजी आधी गाडीला हात लावत नसे. दिवा केव्हा लागतो, सकाळी की दुपारी, गाडी धुतल्यावर की चढावर, एवढंच विचारत बसायचा. मग नेमकी गंजलेली पिन किंवा सैल झालेली अर्थिंग काढून दाखवायचा. जाताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, "तुमचा जुना सेन्सर चांगलाच होता. त्यांच्याकडून मागून घ्या. चारचौघांसमोर मागा." लोक खरंच जाऊन मागायचे. प्रतापरावांचा चढलेला आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा आणि उमाजी काम थांबवून तो शेवटपर्यंत ऐकायचा. अशी पाच वर्षं गेली.

२००३ मध्ये एका एक्स्पोर्ट कंपनीच्या साहेबांची गाडी प्रतापरावांकडून तीनदा दुरुस्त होऊन तीनदा परत आली. त्या कंपनीच्या बारा गाड्यांवर आता त्यांचं गॅरेज चालत होतं. शनिवारपर्यंत दिवा गेला नाही तर सगळ्या गाड्या दुसरीकडे, असा निरोप आला. प्रतापराव स्वतः रस्ता ओलांडून आले. सोबत कंपनीचा ड्रायव्हर किशोर गाडी घेऊन आला होता.

"उमाजी, एवढी बघून दे," प्रतापराव म्हणाले.

उमाजीने त्यांच्याकडे न बघता किशोरला विचारलं, "दिवा कधी लागतो?"

"काय की. कधीपण लागतो."

"आठवून सांग. काल कुठं लागला?"

"ऑफिसच्या खालून, तळघरातून वर चढताना. परवापण तिथंच." किशोर थांबला. "हौ, उतरताना कधीच नाही लागला."

उमाजीने बोनेट उघडलं, किशोरला ब्रेक दाबून धरून गाडीला पुढे जायचा थोडा जोर द्यायला सांगितलं. इंजिन ज्या रबरावर टेकलेलं असतं ते रबर फाटलं होतं. जोर लागला की इंजिन एका बाजूला कलायचं आणि सेन्सरच्या वायरींचा जुडगा पत्र्याच्या कडेवर घासायचा. आतली तार उघडी पडली होती. सेन्सर दहा वेळा बदलूनही काही झालं नसतं. उमाजीने ते पाहिलं, आणि बोनेट बंद केलं.

"सापडलं," तो म्हणाला. "उद्या एकनाथराव वकिलांना आणि इंदुताईंना इथं घेऊन या. वायर कोणी काढायला लावली ते त्यांना तुमच्या तोंडानं सांगा. मग दुरुस्त करतो."

"अकरा वर्षं झाली रे त्याला."

"मोजलीत मी."

प्रतापराव दोन दिवस आले नाहीत. शनिवारी सकाळी आले तेव्हा मागे वकील आणि इंदुताई होत्या. गॅरेजातली माणसंही बाहेर येऊन उभी राहिली. प्रतापरावांनी मान खाली घालून सांगितलं, की वायर काढायला त्यांनीच लावली होती, उमाजीने अडवलं होतं. उमाजी म्हणाला, "ऐकू आलं नाही." त्यांनी पुन्हा सांगितलं. उमाजीने तिसऱ्यांदा वदवून घेतलं.

एकनाथराव उमाजीकडे वळले. "मी हात उचलला तुमच्यावर. चुकलं माझं." इंदुताईंनी त्यांना थांबवलं. वाकडा हात पदराखाली धरून त्या उमाजीसमोर आल्या.

"दाब कमी असेल असं तुला वाटलं होतं?"

"हौ, ताई."

"आणि तरी तू काढलीस. तुझ्याच हातानं."

"मालकांनी सांगितलं म्हणून..."

"गाडी न्यायला आम्ही आलो, तेव्हा तू दारातच उभा होतास. एक शब्द सांगितला असतास तर?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न उमाजीने स्वतःलाही विचारला नव्हता. त्याने खाली बसून तार जोडली, वर नळी चढवली, रबर बदललं. दिवा पुन्हा लागला नाही.

बारा गाड्या प्रतापरावांकडे वर्षभर टिकल्या, मग कंपनीने त्या शोरूमच्या वर्कशॉपात नेल्या. प्रतापरावांनी गॅरेज विकलं. शेवटच्या दिवशी ते रस्ता ओलांडून भेटायला आले आणि त्यांनी हात पुढे केला. उमाजीने हात पुढे केला नाही. त्रिवेणीला त्याने हे घरी सांगितलं तेव्हा तिने त्याला जेवण वाढलं आणि आपलं ताट घेऊन ती आत जाऊन बसली.

एकनाथरावांची गाडी त्यानंतर उमाजीकडेच येऊ लागली. दर वेळी इंदुताई बरोबर असत. खुर्ची ओढून बोनेटजवळ बसत आणि म्हणत, "काय करतोस ते सांगत कर." उमाजी प्रत्येक वायर धरून ती कुठून कुठे जाते ते सांगायचा. काम संपेपर्यंत त्या त्याच्या हातांवरून नजर हलवत नसत. त्याने मागवलेला चहा त्यांनी एकदाही घेतला नाही.