मावशीसाठी मोकळा हॉल

माझी मावशी चौतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर होती. कुणाला प्रसूती विभाग जोडून दे, कुणाला रक्तपेढी, हे दिवसभराचं काम. आणि कुणी उगाच आवाज चढवला, तर ती त्याला अगदी गोड बोलून शवागाराला जोडून द्यायची. हे तिनेच मला सांगितलंय, तेही अभिमानाने. लग्न तिने केलं नाही. "दिवसभर शंभर जणांचं ऐकायचं आणि घरी येऊन पुन्हा एकाचं? नको गं बाई," एवढंच तिचं कारण.

शिकायला म्हणून मी तिच्याकडे राहायला आले त्याला सहा वर्षं झाली. शिकले घरसजावट आणि नोकरीही त्यातच लागली. आमच्या ऑफिसला मोकळ्या खोल्यांचं वेड आहे. साहेब म्हणतात, "खोलीतून एकेक वस्तू काढत जा. उरेल ते घर." मी हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. जगातला निम्मा पसारा केवळ लोकांना नजर नाही म्हणून साठलाय, असं माझं ठाम मत होतं.

आणि मी स्वतः राहत होते मावशीच्या हॉलशेजारी! दारातच चपलांचं कपाट, त्याला खेटून शिवणयंत्र, मग काचेचं कपाट, पुढे बंद पडलेला रेडिओ, दोन वेताच्या खुर्च्या आणि मधोमध टीपॉय. काही हलवायची सोय नव्हती. एकदा मी टीपॉय वीतभर सरकवला, तर बाईसाहेबांनी दोन दिवस अबोला धरला. शिवाय जाता-येता प्रत्येक वस्तूला हात लावायची सवय. मी चिडवायचे, "झाली का हजेरी घेऊन?" ती म्हणायची, "सगळे हजर आहेत. तूच तेवढी उशिरा उठतेस."

तिची सत्तरी आली तेव्हा मी ठरवलं, हिला नवा हॉल द्यायचा. तिला पत्ता लागू द्यायचा नाही. आईने तिला आठ दिवस आपल्याकडे बोलावलं, मी गाडीने सोडून आले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सुताराला दार उघडून दिलं.

तासाभरात सुताराने हाक मारली. "ताई, हा टीपॉय हलत नाहीये."

वाकून पाहिलं तर चारही पायांना लोखंडी पट्ट्या ठोकून तो फरशीला स्क्रूने आवळलेला. आमच्या भांडणानंतर केव्हातरी तिने कुणाकडून तरी हे करून घेतलं असणार. "म्हातारपणी पळून जाईल म्हणून बांधून ठेवलाय," मी म्हणाले. सुतार हसला, रंगारी हसला, मीही पोट धरून हसले. संध्याकाळी जुन्या सामानवाल्याचा टेम्पो आला आणि शिवणयंत्रासकट सगळं घेऊन गेला.

मग मी जीव ओतून काम केलं. भिंती पांढऱ्या, फरशी पांढरी, सोफासुद्धा पांढरा, बुटका, पार पलीकडच्या भिंतीला टेकलेला. कपाटं भिंतीत लपवलेली, त्यांना मूठ नाही, दाबलं की उघडतात. दिव्याची बटणं काढून गुळगुळीत काचेची पट्टी बसवली, नुसतं बोट टेकवायचं. पडदे उतरवले आणि खिडकी उघडी ठेवली. मधे काहीही नाही. सकाळचं ऊन आत आलं की खोली डोळे दिपवायची. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्याला काहीतरी येतं.

आईचा मधे फोन आला होता. "तुझी मावशी महाराणी झालीये गं. आल्यापासून खुर्चीतून उठली नाही. चहा हातात, जेवण हातात. बाथरूमला जाताना माझा दंड धरते." मी म्हटलं, लाड करून घेतेय, घेऊ दे.

परत आणलं त्या दिवशी दुपारचे बारा वाजले होते. मी पुढे धावले आणि मोबाइलवर चित्रण सुरू केलं, तिचा चेहरा टिपायला. मावशीने चपला काढल्या, नेहमीच्या चपळाईने आत पाऊल टाकलं आणि डावा हात बाजूला नेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच हवेत राहिला.

"कसं वाटतंय?" मी ओरडले.

तिने मान वळवली. "रंग दिलास होय? वास येतोय." थोडी थांबून म्हणाली, "छान झालंय हो. पडद्यांचा रंग छान निवडलास."

पडदे? मला वाटलं, थट्टा करतेय. मी हसले. माझं ते हसणं अजून त्या चित्रणात आहे.

मावशी सरळ पाच पावलं चालली, वळली आणि वेताची खुर्ची जिथे वर्षानुवर्षं होती तिथे, पदर सावरून, नि:शंकपणे बसली. खाली कुणी नव्हतं धरायला. ती धाडकन फरशीवर आपटली.

मोबाइल कधी सुटला कळलं नाही. मी धावत जाऊन तिला धरलं, तर ती दोन्ही तळहातांनी फरशी चाचपत होती. "टीपॉय कुठंय?" ती विचारत होती. "अगं, टीपॉय कुठंय माझा?"

मी तिच्या डोळ्यांसमोर हात धरला. पापणी हलली नाही. "मावशी, बोटं किती?"

"परीक्षा घेऊ नकोस," ती म्हणाली. "आधी उठव मला."

हाड मोडलं नव्हतं. सोफ्यावर टेकवलं तर तिला टेकायची पाठ कुठे आहे ते सापडेना, म्हणून ती काठावर अवघडून बसली. मी समोर, फरशीवर. सहा वर्षांतल्या एकेक गोष्टी डोक्यात आदळत होत्या. "तूच वाच गं पेपर, तुझा आवाज ऐकायला बरा वाटतो." चहा ओतताना कपाच्या आत धरलेलं बोट. मी घाणेरडी सवय म्हणून त्यावर बोलले होते. पावलांवरून माणूस ओळखणं, त्याचं तर मी मैत्रिणींत कौतुक सांगायचे. बाईने ताकाला तूर लागू दिली नव्हती. आणि मी? नजरेचा पगार घेणारी मी!

खरं सांगते, आधी मला तिचाच राग आला. "सांगितलं का नाहीस?" मी ओरडले. दुपारभर तिने सोफा सोडला नाही. तहान लागली तरी पाणी मागून घेतलं. स्वतःच्या घरात ती पाहुणी झाली होती आणि ते मी केलं होतं, हौसेने, आठ दिवस खपून. जुन्या सामानवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला, शिवणयंत्र आणि खुर्च्या कालच गेल्या. ते ऐकून मला रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बराच वेळ तपासलं, उजेड पाडून पाहिला, मग खुर्ची मागे सरकवली. "काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही," ते मला म्हणाले. "यांना कधीपासून दिसत नाहीये?"

"दोनेक वर्षं असतील," मी म्हणाले. त्यांनी ते लिहिलं.

"औषधं स्वतः घेतात?"

"घ्यायची ती. आता मी देत जाईन."

"घरात चालतात का एकट्या?"

"कालपर्यंत चालत होती."

"जेवण भरवावं लागतं?"

"नाही, अजून तरी नाही."

मावशी आम्हा दोघांच्या मधे बसली होती. प्रत्येक प्रश्नाला तिचं तोंड डॉक्टरांच्या आवाजाकडे वळे, ओठ उघडत आणि तेवढ्यात माझं उत्तर गेलेलं असे. चौथ्या उत्तरानंतर तिने घसा साफ केला आणि बोर्डावरच्या त्या स्वच्छ, थंड आवाजात म्हणाली,

"यासाठीच मी कुणाला सांगितलं नव्हतं."

मला तोंड लपवायला जागा हवी होती. मग डॉक्टरांनी खुर्ची उचलून तिच्या समोर आणली आणि विचारलं, "बाई, तुम्ही सांगा. कधीपासून?"

"चार वर्षं," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी माझी दोन खोडून चार लिहिली.